मांजराची दिंडी

दारांच्या बाबतीत आपली मराठी भाषा गरीब आहे असे कोणी म्हणणार नाही. गावाला वेस आहे, देवळाला महाद्वार आहे, वाड्याला दरवाजा आहे, झोपडीला कवाड आहे, बंगल्याला फाटक आहे, आणि ज्यांना पुढून यायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी परसदार आहे. उजेडाला झरोका, धुराला धुराडे, पाण्याला मोरीचे भोक. सगळ्यांच्या जाण्यायेण्याची भाषेने नीट सोय लावून दिली आहे. पण घरातल्या साऱ्या माणसांच्या फेऱ्यांची बेरीज केली तरी जिची बरोबरी व्हायची नाही, त्या मांजरीसाठी मात्र मराठीने एकही शब्द राखून ठेवलेला नाही. स्पॅनिश माणसे मांजराच्या वाटेला 'गातेरा' म्हणतात, फ्रेंच माणसे 'शातिएर' म्हणतात. दोन्ही शब्दांच्या पोटात मांजर बसलेले आहे. इंग्रज 'कॅट फ्लॅप' म्हणतो, म्हणजे मांजराची झडप. आता हे जसेच्या तसे मराठीत आणायला गेले की पंचाईत! मांजराची झडप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दार येत नाही, उंदीर येतो.

म्हणून मी 'दिंडी' हा शब्द मुक्रर केला आहे. आषाढात पंढरीच्या वाटेला लागते ती दिंडी निराळी. ही दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या पोटात बसवलेला छोटा दरवाजा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळ्यांच्या त्या प्रचंड फळ्यांत अशी एक दिंडी आहे. रोजच्या माणसासाठी सगळा दरवाजा उघडायचा नाही. त्याने एकेकट्याने, मान लववून, उंबरा ओलांडून आत यायचे. मांजरासाठी करतात तो दरवाजा याच जातीचा. फरक इतकाच की मांजर मान लववीत नाही.

ही सगळी शब्दांची उठाठेव कशासाठी, असे वाचक विचारतील. तर त्याचे असे आहे की यंदा आषाढापासून नवरात्रापर्यंत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. दिंडी करायची हे ठरायला आठ दिवस लागले, आणि ती कुठे करायची हे ठरायला अडीच महिने.

तसा हा प्रश्न जुनाच आहे. चौसर नावाच्या इंग्रज कवीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ज्या कँटरबरीच्या गोष्टी रचल्या, त्यांतल्या गिरणीवाल्याच्या गोष्टीत एक चाकर मालकाच्या सांगण्यावरून भाडेकरूच्या खोलीत डोकावतो तो दाराच्या तळाशी मांजरासाठी ठेवलेल्या भोकातून. इंग्लंडातल्या एक्झिटर शहराच्या कॅथीड्रलमध्ये जुन्या घड्याळाच्या खाली एक दार आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी फासत, तिच्या वासाने उंदीर येत, म्हणून मांजर ठेवावे लागे, असे सांगतात. तिथल्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या हिशेबांत मांजराच्या पोटापाण्याचा खर्च रीतसर मांडलेला आहे, आणि १५९८ साली त्या दाराला मांजरापुरते भोक पाडण्याबद्दल सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. ते भोक आजही पाहायला मिळते.

न्यूटनची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक असते. मोठ्या मांजरीसाठी मोठे भोक आणि पिल्लांसाठी लहान भोक करवून घेणारा तो विसराळू शास्त्रज्ञ! गोष्ट झकास आहे. परंतु ज्या हंफ्री न्यूटनने पाच वर्षे त्याच्याकडे लेखनिकाचे काम केले, त्याने लिहून ठेवले आहे की साहेबांच्या खोलीत ना कुत्रे होते ना मांजर. थोर माणसांच्या पदरी घातलेल्या निम्म्या गोष्टींची हीच गत असते.

आपल्याकडे मात्र अशा भोकाची गरज कधी भासली नाही, आणि शब्द का नाही याचेही उत्तर त्यातच आहे. थंड देशात दार लावून घ्यावे लागते. आपले दार सकाळी उघडले की दिवेलागणीपर्यंत उघडेच. रात्री लावले तरी कौलांतून वाट होती, माळ्यावरून वाट होती, गजांच्या खिडकीला तावदान असेलच असे नव्हते. मांजराला आत कसे घ्यावे याची चिंता आपल्या पूर्वजांनी केली नाही. दुधातुपापासून तिला दूर कसे ठेवावे याची केली, आणि म्हणून शिंके काढले. 'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण ज्या घरात जन्मली त्या घराला मांजराची दिंडी कशाला हवी? बोका आधीच आत बसलेला आहे! दिंडीची गरज आली ती कौले गेल्यावर, स्लॅब आल्यावर, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आणि दाराबाहेर आणखी एक लोखंडी दार आल्यावर.

आमचे घर पुण्यात सहकारनगरच्या बाजूला आहे. सासऱ्यांनी १९६९ साली बांधलेले, बैठे, मागे चार हात परस असलेले. मामंजी खडकीला कारखान्यात होते. पहिल्या पाळीसाठी पहाटे चारला उठत आणि सासूबाई त्यांच्याबरोबर उठून चहा टाकीत. सेवानिवृत्तीनंतर पाळी सुटली, चारचा चहा सुटला नाही. २०२१ साली मामंजी गेले. त्यापुढल्या पावसाळ्यात परसातल्या कर्दळीखाली एक भिजलेले पिल्लू सापडले. तिचे नाव सासूबाईंनी ठकी ठेवले, आणि ही ठकी मोठी झाल्यावर पहाटे चारला बाहेर जायला निघू लागली. निघू लागली म्हणजे सासूबाईंच्या पायाला पंजा लावून त्यांना उठवू लागली. सासूबाई उठत, स्वयंपाकघरातून जाऊन परसदार उघडीत, आणि उठल्याच आहेत तर चहाचे आधण ठेवीत.

यंदाच्या आषाढात अशाच एका पहाटे वीज गेलेली होती. परसदाराबाहेरची शहाबादी फरशी पावसाने बुळबुळीत झाली होती. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी फर्मान निघाले की रात्री कोणीही दार उघडायचे नाही. ठकीने आत राहावे किंवा बाहेर राहावे, काय ते एकदा ठरवावे. ठकीने ठरवले नाही. पहिल्या रात्री ती आत राहिली आणि तिने दाराच्या फळीवर पहाटेपर्यंत नखे चालवली. दुसऱ्या रात्री ती बाहेर राहिली आणि खिडकीखाली बसून तिने जे गायन केले ते शेजारच्या तीन घरांनी ऐकले. दोन्ही रात्री सासूबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन कॉटवर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "एखाद्या चांगल्या घरी देऊन टाकली तर?" त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. जेवायच्या वेळी त्यांनी भूक नाही म्हणून सांगितले, एवढेच. मग दिंडीचा ठराव एकमताने पास झाला.

पण कुठे?

आमच्या कन्येने पुढच्या दाराचे नाव काढले. यावर तिच्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते दार सागवानी आहे. मामंजींनी स्वतः वखारीत जाऊन लाकूड निवडले होते. भावना बाजूला ठेवली तरी पुढचे दार या कामाला वाईटच. दिंडीतून आत घातलेला हात कडीला, कोयंड्याला किंवा भोकात राहिलेल्या किल्लीला पोचता कामा नये, हा यातला पहिला नियम. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत दोन-सव्वादोन फूट असतो, आणि चोर तारेचा आकडा घेऊनही येऊ शकतो. शिवाय पुढचे दार उघडते रस्त्यावर. रस्त्यावर कुत्री. मांजर हे शिकारी जनावर आहे तसेच ते शिकार होणारेही जनावर आहे, म्हणून ते उंबऱ्यावर अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे थांबून चाहूल घेते. आपण मात्र हातात दाराची कडी धरून चिडतो की जायचे तर जा एकदाची! तिच्या दिंडीबाहेर आडोसा हवा, उघडे मैदान नको. आणि दिवाळीत उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले काढायची त्यांचे काय होईल, तेही मनात आलेच.

धाकटे दीर बंगळूरला असतात. त्यांनी व्हिडिओवरून सगळे घर फिरवून पाहिले आणि दिवाणखान्याच्या सरकत्या काचेला भोक पाडा, असा सल्ला दिला. आम्ही काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ही टफन काच आहे बाई, हिला आता हात लावायचा नाही." त्याने समजावून दिले ते मला फार आवडले. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि वाऱ्याच्या झोताने एकदम गार करतात. वरचे थर आधी आवळतात, आतला गाभा मागाहून. त्यामुळे बाहेरून दाब आणि आतून ताण अशी तिची जन्माची ओढाताण होऊन बसते. तीच तिची ताकद. पण एकदा का त्या दाबाच्या थरातून कर्कटक आत गेले की अख्ख्या काचेचा साबुदाणा! भोक पाहिजे तर तापवण्याच्या आधी पाडायचे, म्हणजे नवी काच घडवून घ्यायची. दिरांना हे कळवले. ते म्हणाले, "मग घ्या की नवी." बंगळूरहून बोलायला काय जाते!

चिरंजीवांची सूचना स्वयंपाकघराच्या खिडकीची होती. खिडकी ओट्यावर उघडते. म्हणजे ठकी परसातल्या चिखलातून येणार ती थेट कणकेच्या परातीत. शिवाय आज जी तीन फूट उडी हसत मारते तिला म्हातारपणी ती झेपणार नाही. मांजरे पंधरा-पंधरा वर्षे जगतात, आणि सांधे त्यांनाही असतात. न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडकीवर कोणी फार वेळ घालवला नाही.

आमच्या 'ह्यां'चे एक इंजिनिअर स्नेही आहेत. त्यांनी भिंत फोडण्याचा मार्ग सुचवला. नऊ इंची विटांची भिंत, तिला आरपार बोगदा. तुळई किंवा खांब सोडून, विजेच्या नळ्या आणि पाण्याचा नळ कुठून गेला आहे ते पाहून, असे छोटे भोक पाडायला हरकत नसते. ज्यांच्या दाराला हात लावणे शक्य नाही त्यांना हाच रस्ता. पण बोगद्याचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा लागतो आणि कडा पक्क्या बुजवाव्या लागतात, नाहीतर पावसाचे पाणी आत मुरते. पुण्याच्या जुन्या घराच्या मालकापुढे 'ओल' हा शब्द उच्चारला की चर्चा संपते. तशी ती संपली.

मी इथे थोडी आडवाट करते, कारण या मजकुराचे बहुतेक वाचक माझ्यासारखे बैठ्या घरात राहत नसतील. तुमचे बिऱ्हाड तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल तर बाल्कनीच्या दाराला दिंडी करण्याआधी बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी मारा. मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच पडते, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्याच्या जोडीला न्यूयॉर्कमधल्या एका प्राण्यांच्या इस्पितळाची माहिती हल्ली सर्रास सांगितली जाते. तिथे उंचावरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली आणि त्यांतली ९० टक्के वाचली, असे १९८७ साली प्रसिद्ध झाले. आकडा खरा आहे. पण ती इस्पितळात आणलेली मांजरे होती. जी जागच्या जागी गेली त्यांना कोण कशाला इस्पितळात नेईल? आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांची छाती, जबडा, तंगड्या मोडलेल्या होत्या. जिन्याकडच्या दाराला दिंडी करायची असेल तर आधी सोसायटीला विचारावे. आगीपासून बचावाचे म्हणून जे खास दार बसवलेले असते त्याला तर मुळीच भोक पाडू नये. त्या दाराचा सगळा उपयोग त्याच्या अखंडपणात आहे. भाड्याचे घर असेल तर मालकाचे मन आधी आणि दार मागाहून.

आमच्याकडे शेवटी सगळ्यांचा कौल परसदाराच्या बाजूने पडला. ते साधे आहे, मागच्या बाजूला आहे, बाहेर कर्दळ आणि तुळशीवृंदावन यांचा आडोसा आहे, आणि ठकीची रोजची वाट तीच. एकच अडचण होती. ठकीची खाण्याची ताटली दाराशेजारी होती, आणि जिथून परका बोका केव्हाही तोंड घालू शकतो तिथे मांजराला सुखाने जेवता येत नाही. ताटली हलवायचे ठरले. गणपती झाल्यावर एका रविवारी सुतारमिस्त्री आले. त्यांनी आयुष्यात मांजराचे दार केलेले नव्हते. "खुराड्याला केलंय वहिनी. कोंबडीला जमतंय, मांजराला का न जमावं?" असे म्हणून त्यांनी पिशवी उघडली.

तोच सासूबाई बाहेर आल्या. प्लास्टर निघाले होते, हातात तो व्यायामाचा चेंडू होता. त्या म्हणाल्या, "मला हे दार नको आहे."

इतके दिवस त्यांनी चर्चेत तोंड उघडले नव्हते आणि आम्ही ती संमती समजून चाललो होतो. मिस्त्रींना चहा दिला. मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. त्या बराच वेळ चेंडू दाबीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तिची ती जाईल, तिची ती येईल. मला उठवायचं तिला काही कारण उरायचं नाही."

मी म्हटले, "आई, पण झोप तरी पुरी होईल तुमची."

"झोपून काय करू? पन्नास वर्षं चारला उठते आहे मी. आधी ते उठवायचे, मग ही उठवायला लागली. चारला कुणी उठवलं नाही, तर मग उठायचं कशाला ते तरी सांग."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मराठीची एम. ए. आहे आणि वर्गात चार-चार तास बोलते. परंतु या प्रश्नावर बोलण्यासारखे मला काही आठवले नाही. सासूबाईंनीच कॉटच्या पलीकडे बोट केले. तिथे एक दार आहे. त्यांच्या खोलीतून मागच्या पडवीत उघडणारे. मामंजींच्या हयातीत ते दिवसभर उघडे असे. पडवीत त्यांची वेताची खुर्ची होती. ते गेल्यावर त्या दाराला आतून अडसर लागला आणि पुढे एक ट्रंक आली. आमच्या अडीच महिन्यांच्या चर्चेत या दाराचे नाव कोणाच्याही तोंडून निघाले नव्हते. ते दार आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो.

"इथं करा," त्या म्हणाल्या. "बाहेर तिची ती जाऊ दे. पण परत येईल ती माझ्या खोलीत येईल. अंगावर बसून उठवते ती, मला ठाऊक आहे. मला अंधारात चालायला नको, फरशीवर जायला नको. दिवा लावायचा आणि चहा टाकायचा."

आता हरकती घेणे हे आमच्या 'ह्यां'चे काम. वारा येईल. डास येतील. परका बोका रात्री आईच्या खोलीत शिरेल. पावसाळ्यात घूस शिरेल, एखादे जनावरसुद्धा. सगळ्या हरकती खऱ्या होत्या. वाऱ्याबद्दल सासूबाई म्हणाल्या, शाल आहे. बाकीच्यांवर उपाय निघाला. हल्ली मिळणाऱ्या झडपांत एक जात अशी आहे की ती मांजर ओळखते. पशुवैद्य मांजराच्या मानेमागे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप सुईने घालतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. झडपेच्या चौकटीत तो नंबर वाचणारे यंत्र असते, सेलवर चालणारे. नंबर जुळला तरच आत यायची कडी सुटते. शेजारच्या बोक्याने डोके आपटले तरी दार ढिम्म. झडपेला लोहचुंबक असते, त्यामुळे मागाहून ती नीट मिटते आणि वारा-डास पुष्कळसे थोपतात. चौकटीवर एक खटका असतो: फक्त आत, फक्त बाहेर, दोन्ही, किंवा दोन्ही बंद. दिवाळीत फटाके वाजायला लागले की संध्याकाळीच तो 'फक्त आत'वर करून ठेवावा. आलेले मांजर मग पुन्हा भेदरून बाहेर पळत नाही.

ट्रंक हलवली, अडसर काढला. बिजागऱ्यांनी जी तक्रार केली ती तेल दिल्यावर थांबली.

माप सासूबाईंनी घेतले. ठकीला उभी करून त्यांनी जमिनीपासून तिच्या पोटापर्यंत वीत लावली. "वीतभराला चार बोटं कमी," त्या म्हणाल्या. मिस्त्रींच्या टेपने ते तेरा सेंटीमीटर भरले. झडपेची खालची कड तेवढ्या उंचीवर, म्हणजे मांजराला पायाने पायरी चढल्यासारखे सहज आत येता येते. पोट घासत नाही आणि उडीही मारावी लागत नाही. रुंदीची काळजी लोक उगाच करतात. मांजराच्या गळपट्टीची हाडे आपल्यासारखी खांद्याला पक्की जोडलेली नसतात, नुसती स्नायूंत तरंगतात, म्हणून डोके शिरले की बाकीची मांजर मागोमाग येते. अर्थात लाडाने फुगवलेल्या बोक्यांना हा नियम लागू नाही.

मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा चौकोन कापून दारावर चिकटवला. दाराच्या आडव्या-उभ्या जाड पट्ट्या सोडून मधल्या पातळ फळीतच भोक पाडायचे. पट्टी कापली की दार ढिले होते, हे त्यांनी आपणहून सांगितले. चार कोपऱ्यांना गिरमिटाने भोके, मग बारीक करवत. कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात, कारण कोरे लाकूड पाणी पिते आणि फुगते. मग एक अडचण निघाली, जी आतून मोजताना कोणाच्या लक्षात येत नाही. पडवीची जमीन खोलीपेक्षा सहा इंच खाली. आतून तेरा सेंटीमीटर, ते बाहेरून झाले अठ्ठावीस! दोन विटांवर शहाबादीचा एक तुकडा ठेवून पायरी केली. तिच्या दोन बाजूंना कुंड्या.

ठकीने दिंडीकडे पाहिले आणि ती पाठ फिरवून बसली. चिरंजीव तिला उचलून भोकातून ढकलायला निघाले होते. सासूबाईंनी त्यांना असे काही दटावले की त्यांच्या बालपणानंतर तसे दटावणे मी ऐकले नव्हते. ढकललेले मांजर त्या दाराला जन्मभर भिते. सासूबाईंनी झडप सुतळीने वर बांधून टाकली. आठ दिवस ती नुसती उघडी चौकट होती, आणि तेवढे दिवस आमचे 'हे' आईच्या खोलीत गादी टाकून बोक्याच्या पाळतीवर झोपले. मग सुतळी रोज दोन बोटे सैल होऊ लागली. बोटाला साय लावून सासूबाई जमिनीवर बसत, आणि जमिनीवरून उठायला त्यांना आम्ही हात दिलेला चालत नसे. दहाव्या दिवशी झडप पुरती मिटली. अकराव्या दिवशी ठकीने तिला नाकाने ढकलून पाहिले, ती हलली म्हणून दचकली, आणि पुन्हा ढकलून बाहेर गेली. तेराव्या दिवशी यंत्र चालू केले. कडी सुटताना 'टक्' असा आवाज होतो. पहिले दोन दिवस त्या आवाजाला ती पळाली, तिसऱ्या दिवसापासून त्या आवाजाची वाट पाहून आत येऊ लागली.

आता पहाटे चारच्या सुमारास माझ्या अंथरुणात मला ते 'टक्' ऐकू येते. मग दोन-चार मिनिटे काही नाही. मग सासूबाईंच्या खोलीतला दिवा, आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातले भांडे.

पडवीचे दार आता सकाळी सातला उघडते. परवा दसऱ्याला माळ्यावरून मामंजींची वेताची खुर्ची खाली आली. तिचे वेत चिरंजीवांनी पुसून काढले आणि सासूबाईंनी ती पडवीत जुन्या जागी मांडायला सांगितली. ठकी तिच्यावर जाऊन बसली आहे आणि उठायला तयार नाही. सासूबाईंनी दुसरी खुर्ची मागवली आहे.